टोपणनावावर हसलेले सभागृह: शालेय छळाच्या नाटकाच्या एका प्रयोगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावचे आहे. शाळा, नाट्यमंडळ आणि मुले यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. त्या शिक्षणसंस्थेच्या शाळांमध्ये मी समुपदेशक म्हणून काम करते आणि प्रयोगाच्या वेळी सभागृहात हजर होते.

शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावीची आहे. सातवीच्या एका तुकडीत जूनमध्ये एक नवा मुलगा दाखल झाला. त्याचे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. गाळप हंगाम सुरू झाला की मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडण्यासाठी ते टोळीबरोबर कारखान्याकडे जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. मुलाची शाळा दर वर्षी मध्येच सुटू नये म्हणून त्यांनी त्याला मामाकडे ठेवले होते. मामा याच गावात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये कामाला होता. मूळ गावाकडे अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होती, पण मुलगा नात्यातल्या माणसांत राहावा अशी आईची इच्छा होती.

मुलगा गणितात चांगला होता आणि सुरुवातीला बोलायलाही मोकळा होता. एकदा वही मागताना तो 'माझी' ऐवजी 'मपली' म्हणाला आणि वर्ग हसला. पुढे त्याचे आईवडील काय काम करतात हे मुलांना कळले, आणि ऑगस्ट संपेपर्यंत त्याला 'कोयता' हे नाव पडले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, त्यामुळे ते नाव थेट त्याच्या आईवडिलांवर बोट ठेवणारे होते. बाकीच्या मुलांना हे कदाचित पुरते कळत नसेल. त्याला मात्र कळत होते.

नाटक आणि ते करणारे लोक

गावात एक हौशी नाट्यमंडळ आहे. त्यात बँकेतले एक कर्मचारी, दोन प्राथमिक शिक्षक, औषधाच्या दुकानात काम करणारी एक तरुणी आणि महाविद्यालयातली काही मुले आहेत. एकांकिका आणि राज्य नाट्यस्पर्धेसाठी नाटके करून झाल्यावर त्यांनी शाळेतल्या छळावर पाऊण तासाचे एक नाटक स्वतः लिहून बसवले. मोठ्या नटांनी लहान मुलांच्या भूमिका करायच्या, ही पद्धत त्यांनी ग्रिप्स रंगभूमीवरून घेतली होती. बर्लिनमध्ये सुरू झालेली ही रंगभूमी डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अकादमी यांनी १९८६ मध्ये पुण्यात आणली. समोर बसलेल्या मुलांना आपलेच जग रंगमंचावर दिसावे आणि ते मोठ्यांनी गांभीर्याने घेतले आहे याची खात्री वाटावी, हे त्या पद्धतीचे बळ आहे.

नाटकातला मुलगा अडखळत बोलतो. त्याचा डबा पळवला जातो, चपला टाकीवर फेकल्या जातात, आणि त्याच्या बोलण्याची नक्कल करत त्याला एक नाव ठेवले जाते. तिसऱ्या प्रवेशात सगळा वर्ग ते नाव तालावर म्हणतो. पुढे घडणाऱ्या प्रकाराशी संबंध असल्यामुळे एक गोष्ट येथेच नोंदवते. दादागिरी करणाऱ्या मुलाची भूमिका मंडळातल्या सर्वांत तयारीच्या नटाकडे होती. त्याला वाक्येही चांगली दिली होती, आणि प्रत्येक प्रवेशाला त्याच्या येण्यावर टाळ्या पडत असत. छळ झालेल्या मुलाच्या वाट्याला बरेचसे मौन होते. असे नाटक लिहिताना हा धोका नेहमीच असतो: ज्याची बाजू घ्यायची, त्याच्यापेक्षा त्याला त्रास देणाराच प्रेक्षकांना आवडू लागतो.

सभागृहात काय घडले

प्रयोग डिसेंबरमध्ये वाचनालयाच्या सभागृहात झाला. सातवी-आठवीच्या सर्व तुकड्यांना एकदम आणले होते; दीडशेच्या वर मुले होती. शिक्षकांपैकी कोणीही नाटक आधी पाहिलेले नव्हते. विषय चांगला आहे, मुलांवर संस्कार होतील, एवढ्यावर परवानगी दिली गेली होती.

तिसऱ्या प्रवेशात रंगमंचावरच्या मुलांनी ते नाव तालावर म्हणायला सुरुवात केली, तेव्हा सातवीच्या रांगांतून कोणीतरी मोठ्याने 'कोयता!' असे ओरडले. क्षणात हशा पिकला, आणि पंचवीस-तीस मुले माना वळवून एकाच दिशेने पाहू लागली. आठवीतल्या ज्या मुलांना तोवर हा मुलगा माहीत नव्हता, त्यांनाही तो कोण हे कळले. तो स्वतःही हसला. शेजारी उभ्या असलेल्या वर्गशिक्षकांनी त्याचे हसू पाहिले आणि त्याने मनावर घेतलेले नाही असा समज करून घेतला. त्या समजाला पुढच्या आठवड्यात फार महत्त्व आले.

पहिला निर्णय दिग्दर्शकाला विंगेत उभ्या उभ्या घ्यावा लागला. दिवे लावून प्रयोग थांबवायचा आणि मुलांना दोन शब्द सुनवायचे, की पुढे जायचे? प्रयोग थांबला असता तर ओरडणाऱ्याचा शोध सुरू झाला असता, शिक्षक रांगेत शिरले असते आणि संपूर्ण सभागृहाचे लक्ष त्याच मुलावर खिळले असते. तेवढ्यात रंगमंचावर छळ झालेल्या मुलाची भूमिका करणाऱ्या नटाने स्वतःच एक निर्णय घेतला. त्याने पुढचे वाक्य घेतले नाही. तो प्रेक्षकांकडे पाहत, भूमिका न सोडता, हशा पूर्ण ओसरेपर्यंत उभा राहिला, आणि सहकलाकारही जागेवर थांबले. मुलांचे लक्ष हळूहळू त्या मुलावरून निघून पुन्हा रंगमंचावर आले. प्रयोग न थांबवणे योग्यच होते असे माझे मत आहे. त्या नटाने सावरले नसते तरीही माझे मत तेच राहिले असते.

दुसरा निर्णय शेवटच्या प्रवेशाच्या वेळी झाला. प्रयोगानंतरच्या चर्चेत मंडळ दोन गोष्टी करत असे. 'तुमच्यापैकी कोणाला असा त्रास होतो?' असे विचारून मुलांना बोलते करणे ही पहिली. दुसरी गोष्ट ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीवर आधारलेली होती: प्रेक्षकांपैकी कोणीतरी रंगमंचावर येऊन छळ झालेल्याच्या जागी उभे राहायचे आणि प्रसंग वेगळ्या तऱ्हेने करून दाखवायचा. दिग्दर्शक मागच्या दाराने मुख्याध्यापिकांकडे आणि माझ्याकडे आला आणि 'चर्चा घ्यायची की नाही?' असे त्याने विचारले. चर्चा रद्द केली असती तर शेवटचा शब्द त्या ओरडण्याचाच राहिला असता. ठरल्याप्रमाणे घेतली असती तर त्या मुलाने हात वर करावा अशी अपेक्षा दीडशे मुलांच्या डोळ्यांत दिसली असती, आणि रंगमंचावर छळ झालेल्याच्या जागी कोणाला पाठवायचे हे त्याच्या वर्गमित्रांनी ओरडून सुचवले असते.

म्हणून प्रश्न बदलला. दिग्दर्शकाने विचारले, 'नाटकात चार मुले नुसतीच हसत होती. त्यांच्यातल्या एकाने काय केले असते, तर प्रकार तिथेच थांबला असता?' उत्तरे तोंडी न घेता बिननावाच्या चिठ्ठ्यांवर मागवली. प्रत्येकाने काही ना काही लिहूनच चिठ्ठी द्यायची असे सांगितले, कारण मोजकीच मुले लिहीत बसली असती तर कोण लिहीत आहे हेच इतरांनी पाहिले असते.

अडचण नेमकी कोणती होती

चिठ्ठ्या मुख्याध्यापिकांनी आणि मी त्याच संध्याकाळी वाचल्या. वर्गशिक्षकांना त्या दाखवायच्या नाहीत असे आम्ही ठरवले, कारण त्यांना मुलांचे अक्षर ओळखता आले असते. यावरून ते दुखावले गेले. त्यांचे दुखावणे मला समजते, तरी तो निर्णय आवश्यक होता. काही चिठ्ठ्यांत स्पष्ट लिहिले होते: 'सरांना सांगून उपयोग नाही, सर पण त्याला त्याच नावाने हाक मारतात.'

वर्गशिक्षक वाईट मनाचे नाहीत. हजेरी घेताना ते मुलांना टोपणनावांनी हाक मारत आणि त्यातून मुलांशी जवळीक होते असे त्यांना वाटे. त्यांचे म्हणणे होते, 'मॅडम, पोरं चिडवतातच. आम्हालाही चिडवायचे. आणि तो स्वतः हसत होता की.' येथे स्वीडिश-नॉर्वेजियन संशोधक डॅन ओल्व्हेयस यांनी घालून दिलेली कसोटी उपयोगी पडली. शालेय छळाचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी १९७० च्या दशकात सुरू केला. त्रास जाणूनबुजून दिला जातो का, तो पुन्हा पुन्हा होतो का, आणि दोन बाजूंच्या ताकदीत असा फरक आहे का की एकाला स्वतःचा बचाव करणे अवघड जाते, हे तीन प्रश्न त्यांनी महत्त्वाचे मानले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चिठ्ठ्यांत होती. तिसऱ्याचे उत्तर आम्हाला फळ्यावर सापडले.

वर्गात शिक्षक नसताना बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम मॉनिटरकडे होते आणि फळ्यावर नाव आलेल्याला शिक्षा होत असे. नव्या मुलाचे नाव तिथे जवळजवळ रोज येई, तेही 'कोयता' असेच लिहिलेले. शिक्षक वर्गात येत, फळा पाहत आणि त्या नावाच्या मुलाला उभे करत. नाव ठेवणाऱ्यांत पुढे असलेला मुलगा हाच मॉनिटर होता. त्याच्या हातातली ताकद शाळेने दिलेली होती, आणि ती रोज सर्वांसमोर वापरली जात होती.

शाळेत तक्रारपेटी होती, पण ती कार्यालयाच्या दाराशी, लिपिकांच्या टेबलासमोर लावलेली होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने २०२२ मध्ये शाळांना स्थापन करायला सांगितलेल्या सखी सावित्री समितीचा फलक भिंतीवर होता. समितीतल्या सदस्यांनी मुलांशी मात्र कधी संवाद साधलेला नव्हता.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी बातमी गावात पोहोचली होती. संस्थेच्या एका संचालकांनी सुचवले की मॉनिटरला परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर माफी मागायला लावावी. यातून शाळेची भूमिका लगेच दिसली असती, पण एका मुलाची मानहानी थांबवण्यासाठी दुसऱ्याची केली गेली असती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, आणि त्या कलमाचे संरक्षण मॉनिटरलाही होते. शिवाय परिपाठात माफी मागितली गेली की ते टोपणनाव सगळ्या शाळेत पोहोचणार होते.

दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवावा असे वर्गशिक्षकांना वाटत होते. दोन मित्रांचे भांडण झाले असते तर मीही तेच सुचवले असते. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे अशा बैठकीत भित्रा मुलगा 'काही नाही झालं' एवढेच म्हणतो आणि मोठ्यांच्या दृष्टीने विषय मिटतो. मामाने मुलाची तुकडी बदलून मागितली. ही मागणी आम्ही बाजूला ठेवली, पण नाकारली नाही. त्रास सोसणाऱ्यानेच जागा सोडायची हे अन्यायाचे होते. तरीही महिन्याभरात फरक पडला नाही तर तुकडी बदलायची, असे मामाला शब्द देऊन सांगितले.

सर्वांत कठीण प्रश्न आईवडिलांना सांगण्याचा होता. मुलगा पहिल्यांदा मनापासून बोलला तो याच विषयावर: 'आईला सांगू नका. ती काम सोडून येईल.' त्याची भीती खरी होती. जोडीतले एक माणूस निघून गेले की दुसऱ्याचेही काम अडते आणि उचल अंगावर राहते. आई मुलाला कोपीवर घेऊन गेली असती, तर ज्यासाठी त्याला इथे ठेवले होते तेच मोडले असते. दुसरीकडे, पालकांपासून ही गोष्ट लपवून ठेवण्याचा अधिकार शाळेला नव्हता. मामाला त्याच दिवशी विश्वासात घ्यायचे आणि आईला दोन दिवसांनी, मुलाच्या उपस्थितीत, शाळा काय करत आहे हे ठामपणे सांगता येईल तेव्हा फोन करायचा, असे ठरले. मुलाला हे आधी सांगितले आणि तो तयार झाला.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' हा शालेय छळविरोधी कार्यक्रम आमच्या चर्चेत आधाराला होता. त्यात छळ होणाऱ्याशी आणि छळ करणाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलतात आणि वर्गात मान असलेल्या काही मुलांना त्रास होणाऱ्याच्या पाठीशी उभे राहायला सांगतात. पूर्ण कार्यक्रम राबवणे आमच्या आवाक्यात नव्हते. त्यातली दिशा मात्र घेता आली.

प्रत्यक्ष कार्यवाही

मुख्याध्यापिकांनी सुरुवात वर्गशिक्षकांपासून केली, आणि हा क्रम मला आजही या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. त्यांनी सरांना एकट्यानेच बोलावले, चिठ्ठ्यांचा मजकूर अक्षर न दाखवता वाचून दाखवला आणि हजेरीत यापुढे फक्त नोंदवहीतले नाव घ्यायचे असे सांगितले. सरांनी त्या दिवशी वाद घातला. दोन दिवसांनी ते आपणहून मुलाला मैदानावर भेटले आणि आपण त्या नावाने हाक मारत होतो हे चुकले, असे त्याला म्हणाले. मोठ्या माणसाने असे म्हणणे त्या मुलाला नवीन होते. पुढे माझ्याशी बोलताना त्याने ही गोष्ट दोन वेळा सांगितली.

फळ्यावर नावे लिहिणे सर्व वर्गांत बंद झाले आणि मॉनिटरपद आठवड्याला बदलू लागले. मॉनिटरशी मी आणि मुख्याध्यापिका स्वतंत्र बोललो. 'सगळेच म्हणतात' हे त्याचे पहिले उत्तर होते. त्याला आरोप ऐकवण्याऐवजी आम्ही विचारले, 'त्याच्यासाठी वर्गात बसणे सोपे व्हावे म्हणून तू या आठवड्यात काय करशील?' त्याने फार वेळ घेतला आणि मग म्हणाला, खिचडीच्या रांगेत त्याला मागे ढकलतात ते मी थांबवीन. रांगेत असे काही होते, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हते.

वर्गातल्या तीन मुलांना, ज्यांच्या शब्दाला बाकीचे मान देतात अशा, मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर बसायला सांगितले. त्यात खो-खोच्या संघातली एक मुलगी होती आणि तिने हे काम कोणाला न सांगता, अगदी सहज केले. पाण्याच्या नळापाशी आणि सायकल स्टँडवर शिक्षकांच्या पाळ्या लागल्या. तक्रारपेटी जिन्याखाली हलवली.

नाट्यमंडळानेही आपल्या बाजूने काम केले. दादागिरी करणाऱ्याच्या तोंडची टाळ्या घेणारी वाक्ये त्यांनी काढली आणि हसणाऱ्या चौघांपैकी एकीची भूमिका वाढवली. ती तिसऱ्या प्रवेशात हसणे थांबवते आणि पुढचे नाटक तिच्या अस्वस्थतेवर चालते. जानेवारीत त्यांनी हा नवा प्रयोग शाळेतच, एकेका तुकडीसमोर, नेपथ्याशिवाय केला. त्या मुलाला प्रयोगाला बसायचे की नाही हे आधी विचारले होते. तो बसला, शेवटच्या रांगेत, त्या खो-खोच्या मुलीशेजारी.

परिणाम

वर्गात ते नाव जानेवारीअखेर ऐकू येईनासे झाले. मैदानावर ते मार्चपर्यंत अधूनमधून कानावर पडत राहिले, विशेषतः आठवीतल्या मुलांकडून, ज्यांना ते त्या प्रयोगामुळेच कळले होते. तुकडी बदलण्याची वेळ आली नाही. आईने फोनवर शांतपणे ऐकून घेतले आणि 'त्याला शिकू द्या, मी हंगाम संपल्यावर येते' असे सांगितले. एप्रिलमध्ये ती शाळेत येऊन मुख्याध्यापिकांना भेटली. मुलाने वार्षिक परीक्षा दिली आणि आठवीलाही तो याच शाळेत आहे.

मॉनिटर आणि तो मित्र झाले नाहीत. तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. एक गोष्ट मात्र मला सलते. तो मुलगा आता शाळेत 'मपलं' म्हणत नाही. मामाकडे आणि आईशी फोनवर तो त्याच्या बोलीतच बोलतो, पण शाळेच्या फाटकात शिरला की पुस्तकी मराठीवर येतो. छळ थांबला, तरी आपली बोली वर्गात चालत नाही हा धडा त्याच्या मनात तसाच राहिला, आणि त्यावर शाळेने अजून काही केलेले नाही. भाषेच्या शिक्षिकांनी वेगवेगळ्या भागांतल्या बोलींवर दोन तासिका घेण्याचे मान्य केले होते. परीक्षांच्या गडबडीत ते राहून गेले.

फेब्रुवारीत आणखी एक बाब उघड झाली. डिसेंबरच्या चिठ्ठ्यांपैकी एका चिठ्ठीत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाचा ओझरता उल्लेख होता, तो आम्ही दोघींनी या मुलाशी जोडून सोडून दिला होता. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच तुकडीतल्या एका मुलीची तक्रार होती आणि तिला दोन महिने थांबावे लागले.

वेगळे काय करता आले असते

प्रयोगाची परवानगी देण्यापूर्वी किमान दोन शिक्षकांनी तालीम पाहिली असती, तर तिसऱ्या प्रवेशात नाव तालावर म्हटले जाते हे शाळेला माहीत असते, आणि ज्या वर्गात असेच एक नाव रोज म्हटले जात आहे त्या वर्गाला कसे बसवायचे याचा विचार झाला असता. मुलांना एकदम आणल्याने टोपणनाव एका वर्गातून दुसऱ्या इयत्तेत गेले. चाळीस-पन्नास मुलांसमोर प्रयोग झाला असता तर हे नुकसान टळले असते. मंडळाला दीडशे प्रेक्षक हवे होते कारण सभागृहाचे भाडे त्यातून सुटणार होते. ही अडचण खरी आहे, पण शाळेच्या सभागृहात विनाभाडे प्रयोग करणे जानेवारीत जमले, म्हणजे ते डिसेंबरमध्येही जमण्यासारखे होते.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत, प्रत्येक चिठ्ठी एकाच प्रकरणाच्या चौकटीतून वाचली गेली. दोघींनी स्वतंत्रपणे वाचून, जे या प्रकरणात बसत नाही त्याची वेगळी यादी केली असती, तर त्या मुलीपर्यंत आधी पोहोचता आले असते. मूळ चर्चेतला 'कोणाला त्रास होतो?' हा प्रश्न मंडळाने आता कायमचा काढून टाकला आहे. प्रयोगानंतर त्याच दिवशी शाळेतला एक शिक्षक किंवा समुपदेशक मुलांना एकट्याने भेटण्यासाठी उपलब्ध असेल, अशी अट ते प्रयोग ठरवतानाच घालतात, आणि हे मान्य नसलेल्या एका शाळेचा प्रयोग त्यांनी नुकताच नाकारला.